पाहुणा राहतो कुठे

तिकीटबाईंच्या घरात गेली दोन वर्षं एक पाहुणा राहत होता. दोन वर्षं मुक्काम ठोकलेल्या माणसाला पाहुणा म्हणताना एखाद्याची जीभ चाचरली असती. पण तिकीटबाईंची जीभ कशालाच चाचरत नसे. नदीपलीकडे जाणाऱ्या बोटीच्या तिकीटखिडकीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. माणसाच्या नुसत्या चालण्यावरून तो विनातिकीट आहे हे ओळखण्याची विद्या त्यांनी तिथे कमावली. निवृत्तीच्या दिवशी खिडकी गेली, विद्या मात्र घरी आली. मग दूधवाला, पोस्टमन, वीजमीटर वाचणारा, खालच्या मजल्यावरचा न्हावी, सगळेच त्यांना कमीअधिक प्रमाणात विनातिकीट दिसू लागले. आणि ज्या माणसाला मागची खोली भाड्यानं दिली होती, तो तर दिसणारच.

तसं त्यांनी खोली भाड्यानं दिली होती हे त्यांनी स्वतःलाही कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. भाडेकरू हा शब्द त्या घरात उच्चारला जात नसे. त्याला कारण त्यांचा धाकटा भाऊ. त्यानं एका गरीब गृहस्थाला चार दिवसांसाठी म्हणून खोली दिली होती. ते चार दिवस एकोणीस वर्षं चालले. शेवटी त्या गृहस्थाच्या मुलीचं लग्न भावाच्याच दिवाणखान्यात लागलं आणि त्याचं बोलावणं भावाला आलं, तेही घरमालक म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. ही हकीकत सांगताना तिकीटबाईंचा आवाज अजूनही बसत असे.

म्हणून पाहुण्याला पहिल्याच दिवशी अटी सांगण्यात आल्या. दारावर नाव लावायचं नाही. बूट बाहेर काढायचे नाहीत. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कुणी विचारलं तर आपण दूरच्या नात्यातले, चार दिवस आलोय, असं सांगायचं. हे ऐकून न्हावी एकदा पाहुण्याकडे निरखून म्हणाला होता की बाईंचं नातं फारच दूरपर्यंत पोचलेलं दिसतं. ते खरंच होतं. पाहुणा दोन सीमा ओलांडून आला होता आणि इथली भाषा अंधारात जिना उतरावा तशी बोलत होता, प्रत्येक शब्दावर पाय चाचपत.

पण अटींचा त्याला जाच वाटला नाही. उलट त्या ऐकून तो निश्चिंत झाला. कारण त्याच्या मामानं त्याला नेमकं हेच शिकवून पाठवलं होतं.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. तीन देशांत मिळून अकरा वर्षं राहून घरी परतलेला. तो का परतला हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं की त्याला खोकला येई. आता तो घरासमोर खुर्ची टाकून बसे आणि परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट सल्ला देई. भाच्याला तर त्यानं पंधरा दिवस शिकवणीच दिली होती. सगळ्याचं सार एवढंच की परक्या ठिकाणी माणसानं खूण सोडू नये. बॅग उघडावी ती एका वेळी एका वस्तूपुरती. वस्तू वापरावी, पुसावी, परत ठेवावी. "अकरा वर्षांत माझी बॅग एकदासुद्धा पूर्ण रिकामी झाली नाही," असं तो अभिमानानं सांगे, जणू काही ती लढाईत न हरलेली तलवार होती.

भाच्यानं हे मनावर घेतलं. वय तेवीस, अंगानं काटकुळा, कामाला वाघ. शहर जिथे संपतं आणि नदीचा चिखल सुरू होतो तिथल्या बोट-दुरुस्तीच्या कारखान्यात तो बोटींचे तळ खरवडत असे. बोटी गाड्यावर चढवून काठावर ओढून घेत. त्यांच्या पोटाखाली उताणं पडून पत्र्याच्या खरवडणीनं शेवाळ, शिंपले आणि जुना रंग काढायचा. वरून चेहऱ्यावर हिरवा चिखल टपटपत पडे. संध्याकाळी तो कारखान्यातच चोळून चोळून अंघोळ करी, कपडे बदले आणि घरी असा येई की त्यानं दिवसभर काय केलं हे कुत्र्यालाही वासावरून कळू नये. खोलीत आला की बॅगेतून ताट काढायचं, जेवायचं, धुवायचं, पुसायचं, बॅगेत. सकाळी उठला की चादर अशी ताणायची की तिच्यावर गोटी ठेवली तर जागेवरच विचार करत बसेल.

दात घासायच्या ब्रशची गोष्ट मात्र वेगळी. तो सुरुवातीला न्हाणीतल्या पेल्यात असे. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी पाहुण्याला तो ओला सापडला. आपण सकाळी सहाला दात घासले आणि दुपारी तीनला ब्रश ओला कसा? न्हाणीतला पितळी नळ त्या दिवशी विशेष चकचकीत दिसत होता. पाहुण्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाईंना विचारायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तो ब्रश खिशात घालून कामावर नेऊ लागला. बाईंच्याही हे लक्षात आलं. जो माणूस स्वतःचा ब्रश घरात ठेवत नाही त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांनी न्हाव्याला सांगितलं. पेल्याच्या तळाशी सकाळचं पाणी साचून राहत होतं आणि नळ पाणी भरायला आलेल्या न्हाव्याच्या बायकोनं लिंबू चोळून चकचकीत केला होता, हे दोघांनाही कधी कळलं नाही.

असं दोघांचं छान चाललं होतं. दोघंही एकमेकांच्या पावलांचा कानोसा घेत. ती स्वयंपाकघरात गेली की तो न्हाणीत जाई. तो जिन्यात दिसला की ती दाराची कडी आतून तपासून पाही. आणि दोन वर्षं पुरी होत आली, तेव्हा त्याच्या परवान्याची मुदत संपत आली.

परवाना वाढवून मिळण्यासाठी एकच गोष्ट लागायची. अर्जात दिलेल्या पत्त्यावर माणूस खरंच राहतो, हे कचेरीच्या तपासनिसाला पटलं पाहिजे. पटलं तर पुढची तीन वर्षं निर्धास्त. नाही पटलं तर तीस दिवसांत देश सोडायचा. पाहुण्याला याची काडीचीही काळजी नव्हती. तो राहतच होता. राहणाऱ्या माणसाला राहण्याची कसली भीती?

कचेरीचं पत्र आलं ते त्याला धड वाचता येईना, म्हणून त्यानं ते कारखान्यातल्या वेल्डरकडे नेलं. वेल्डर डोळ्यांवरची काळी काच कपाळावर चढवून, बोटीच्या सावलीत बसून, मोठ्यानं वाचू लागला. पत्रात लिहिलं होतं की तपासनिसानं मंगळवारी सकाळी अकराला पत्त्याला भेट दिली. खोलीत वास्तव्याच्या खुणा आढळल्या नाहीत. भिंती मोकळ्या. गादीवर सुरकुती नाही. न्हाणीत अर्जदाराचा ब्रश, साबण, कंगवा नाही. दारावर नाव नाही, बूट नाहीत. शेजाऱ्याच्या म्हणण्यानुसार अर्जदार चार दिवसांसाठी आलेला आहे. घरमालकिणीच्या म्हणण्यानुसार इथे कोणीही राहत नाही. सबब पत्ता बनावट असल्याचा संशय आहे. दुसरी भेट येत्या दहा दिवसांत, न कळवता, होईल, तीच अखेरची.

वेल्डरनं पत्र घडी करून परत दिलं आणि त्याच्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. मग हळूच विचारलं, "मग तू जातोस कुठे रे रोज संध्याकाळी?"

पाहुण्याला सगळ्यात जास्त लागलं ते गादीचं. सुरकुती नसणं हा गुन्हा ठरावा असा देश त्यानं पाहिला नव्हता.

घरी येऊन त्यानं तिकीटबाईंना विचारलं. जमेल तेवढ्या नम्रपणे, म्हणजे त्या भाषेतले त्याला येणारे तीनही आदराचे शब्द एकाच वाक्यात वापरून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वही घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला आपण खरं सांगत नाही, असं त्या म्हणाल्या. बोटीवरसुद्धा वहीवाले येत आणि किती प्रवासी चढले असं विचारत. त्यांना खरं सांगितलेला माणूस पुन्हा खिडकीत दिसत नसे. पाहुणा म्हणाला, पुढच्या वेळी एवढंच सांगा मावशी, की हा इथे राहतो.

हे वाक्य ऐकताच बाईंचा चेहरा बंद झाला, शटर पडावं तसा. भावाच्या त्या गरीब गृहस्थानंही असंच म्हटलं होतं, एवढंच सांगा. त्यांना एकदम सगळा डाव दिसला. तो वहीवाला ह्यानंच पाठवला असणार. सरकारी माणसासमोर घरमालकिणीच्या तोंडून 'राहतो' एवढं वदवून घ्यायचं, ते लेखी घ्यायचं, की खोली ह्याची. त्या मूग गिळून बसल्या. पाहुण्यालाही त्यांच्या गप्प बसण्यात डाव दिसला. म्हातारीला आपल्याला घालवायचंय. खोलीला दुसरा कुणी मिळालेला दिसतोय. म्हणून तर ही न्हाव्याशी जिन्यात कुजबुजत असते.

त्यानं मामाला फोन लावला. मामानं प्रथम पत्रातला मजकूर ऐकून भाच्याची पाठ थोपटली. इतकी स्वच्छ खोली आपणसुद्धा कधी ठेवू शकलो नाही म्हणाला. मग परवान्याचं ऐकून त्याला खोकला आला. खोकला बराच वेळ चालला. शेवटी तो म्हणाला, "हे बघ भाच्या, आता उलटं कर. पसर. जेवढा पसरशील तेवढा टिकशील." अकरा वर्षांची शिकवण त्यानं एका दमात फिरवली आणि फोन ठेवला. मामा का परतला असावा, याची पाहुण्याला त्या क्षणी पहिल्यांदा अंधुक कल्पना आली.

पण पसरणं ही काही सोपी गोष्ट नाही. ज्यानं दोन वर्षं आवरलं, त्याला पसरता येत नाही. पाहुण्यानं बॅग पलंगावर उलटी केली आणि पाहत बसला. दोन शर्ट, एक स्वेटर, ताट, पेला, वस्तरा, आईनं दिलेला टॉवेल. एवढ्यात खोली काय भरणार? त्यानं एक शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला. तो फारच मुद्दाम टाकल्यासारखा दिसला. परत उचलून, डोळे मिटून टाकला. मग ब्रश न्हाणीच्या पेल्यात ठेवला आणि अर्ध्या तासानं काळजी वाटून काढून घेतला. शेवटी त्यानं ठरवलं की टॉवेल भिंतीवर टांगायचा. कारखान्यातून एक बोटभर खिळा आणला आणि ठोकला.

तीन ठोके. घरभर ऐकू गेले. तिकीटबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. त्यांच्या हातातली सुरी तिसऱ्या ठोक्याला थांबली. त्या तशाच खाली न्हाव्याकडे गेल्या. न्हाव्याच्या खुर्चीत वकील दाढी करायला येत, त्यामुळे कायदा त्याच्या हाताला लागलेला होता. गिऱ्हाईकाच्या गालावरचा फेस तसाच ठेवून त्यानं विचार केला. खिळा म्हणजे गंभीर प्रकरण आहे, असं मत दिलं. पाहुणा खिळा ठोकत नाही. खिळा ठोकला की पाहुणेपण संपलं. उपाय एकच, खोलीवर आपला ताबा आहे हे दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणा कामावरून आला तर भिंतीवर खिळा नव्हता. भोकात साबण भरलेला होता. त्यानं पुन्हा ठोकला. तिसऱ्या दिवशी पुन्हा साबण. चौथ्या दिवशी खिळा जागेवर होता, पण त्याच्यावर टॉवेलाऐवजी तिकीटबाईंचा लोकरी झगा लटकत होता. पलंगाखाली त्यांची पत्र्याची ट्रंक आली होती. खिडकीत त्यांचा चष्मा, औषधाच्या तीन बाटल्या, कवळी ठेवायची वाटी. खुर्चीच्या पाठीवर त्यांची शाल. त्याचा शर्ट घडी घालून बॅगेत परत. कोपऱ्यात शिवणयंत्र. आणि पलंगावर, चादरीच्या बरोबर मधोमध, त्या स्वतः बसून लोकर विणत होत्या. पाहुण्यानं दारातून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचं जेवण होईपर्यंत त्या विणत राहिल्या, आणि मग झोपायला गेल्या त्या शिवणयंत्र तिथेच ठेवून.

त्या दिवसांत पाहुण्यानं कारखान्यात एका बोटीचा तळ इतका खरवडला की मालकाला पत्रा पातळ झाल्याचा संशय आला.

तपासनीस आठव्या दिवशी सकाळी साडेसहाला आला. उंच, वाकलेला, नाकावर कायमची सर्दी. दारातच तीन वेळा शिंकून त्यानं ओळखपत्र दाखवलं आणि सरळ मागच्या खोलीत गेला. पाहुणा नुकताच उठला होता. चादर ताणायची नाही हे तो स्वतःला बजावत होता आणि हात आपोआप ताणत होते. तपासनिसानं पाहिलं तर चादर अर्धी ताणलेली, आणि एक माणूस ती घाईघाईनं परत चुरगळतोय.

त्यानं वही उघडली. झग्याला बोट लावलं. चष्मा उचलला. कवळीच्या वाटीत वाकून पाहिलं आणि लगेच सरळ झाला. ट्रंक उघडली, आत बायकी लोकरीचे कपडे. मग त्यानं पाहुण्याकडे वळून विचारलं की यातलं तुझं काय आहे. पाहुण्यानं बॅग दाखवली. बॅग भरलेली, बांधलेली होती. कारण आदल्या संध्याकाळी बाईंच्या सामानात आपल्या वस्तू मिसळतील या भीतीनं त्यानं सगळं पुन्हा आत घातलं होतं.

"म्हणजे तू आज सकाळी आलास," तपासनीस म्हणाला.

पाहुण्याला आदराचे तीनही शब्द आठवेनात. साधे शब्दही आठवेनात. तो ब्रश खिशातून काढून पुढे धरून उभा राहिला. खिशात ब्रश घेऊन हिंडणारा माणूस कुठेच राहत नसणार, हे तपासनिसाला आणखीच पटलं. त्यानं लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता तो दारात उभ्या असलेल्या तिकीटबाईंना म्हणाला की बाई, ही तुमची खोली आहे, तुम्ही इथे राहता, हे स्वच्छ दिसतंय. असे प्रकार आम्हाला नवे नाहीत. नाव एकाचं लावायचं, माणूस भलतीकडे, आणि पत्ता पुरवणारा आपला हात ओला करून घेतो. तुमच्यावरही कारवाई होईल.

तिकीटबाईंना पहिला अर्धा भाग ऐकून बरं वाटलं होतं. खोली त्यांची आहे हे सरकारी तोंडातून आलं होतं. पुढचा भाग पोचायला क्षणभर लागला. मग त्यांचा रंग बदलला.

"म्हणजे मी खोटं तिकीट फाडलं म्हणताय?" त्या म्हणाल्या.

तपासनीस म्हणाला, तसंच समजा.

तीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून एक माणूस फुकट पलीकडे गेला नव्हता. एकदा सख्खी नणंद माघारी पाठवली होती. पाहुणा बाजूला उभा राहून पाहत होता आणि त्याची खात्री झाली की आता सगळं संपलं. म्हातारी आता स्वतःला वाचवण्यासाठी आपण ह्याला ओळखतच नाही असं सांगणार. त्या आत गेल्या. त्यांच्या पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी शिवणयंत्रावर ठेवला आणि झाकण उघडलं.

आत कागदाच्या पुड्या होत्या, शेकड्यांनी. बोटीच्या तिकिटांचे कोरे राहिलेले तुकडे, प्रत्येकात काहीतरी गुंडाळलेलं, आणि वर तारीख, वेळ, टिपण. तपासनिसानं एक सोडली. न्हाणीच्या जाळीतले केस, काळे, आखूड. दुसरी. बुटाच्या तळाची वाळलेली हिरवी खपली, जिन्याची तिसरी पायरी. शर्टाचं बटण, वाळत घालायच्या दोरीखाली. पेल्याचा उडालेला टवका, आवाज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, चूक कबूल केली नाही. वस्तऱ्याचं जुनं पातं, कचऱ्यात वर्तमानपत्राखाली लपवलेलं. घरी लिहायला घेतलेल्या पत्राचा फाडलेला कोपरा, भाषा कळत नाही, पण आईला असावं.

पाहुणा थक्क होऊन पाहत राहिला. आपण इतके सांडलो आहोत याची त्याला कल्पनाच नव्हती.

तपासनीस शिंकला आणि पुन्हा संशयानं म्हणाला की हे कालच बसून लिहिलेलं कशावरून? बाईंनी दोन पुड्या शेजारी ठेवल्या. पहिल्या वर्षाची शाई उडून पिवळी पडली होती. मग त्यांनी केसांच्या पुड्या तारखेप्रमाणे लावून दाखवल्या. तीन महिन्यांत केस वाढत जातात, मग न्हाव्याकडची फेरी, की पुन्हा आखूड. तपासनीस पुड्यांकडे आणि पाहुण्याच्या डोक्याकडे आळीपाळीनं पाहू लागला. एका पुडीत औषधाच्या बाटलीचं बूच होतं. तिच्यावर जरा जास्त मजकूर होता, तो त्यानं मोठ्यानं वाचला. तीन दिवस ताप. खोकला रात्रभर. दाराशी गरम पाण्याचा तांब्या ठेवला. प्यायला नाही. स्वभावानं संशयी आहे.

पाहुण्याला तो तांब्या आठवला. त्यात काहीतरी घातलं असेल म्हणून त्यानं तो खिडकीतून ओतला होता. तो खाली बघू लागला.

"हे सगळं जमवलंत कशासाठी?" तपासनिसानं विचारलं.

"ह्याला बाहेर काढायला," तिकीटबाई म्हणाल्या. "कोर्टात दाखवायला, की हा कसा राहतो ते. जो राहतच नाही त्याला बाहेर काढायला मी दोन वर्षं केस वेचीन होय?"

तपासनिसाला त्याच्या नोकरीत घरमालक आणि भाडेकरू नेहमी एकमेकांची स्तुती करताना भेटत. दोघांची उत्तरं पाठ केलेली असत आणि त्यावरूनच तो खोटं ओळखे. एकमेकांचा इतका मनापासून संशय घेणारी माणसं एका छपराखाली न राहता तयार होऊ शकत नाहीत, एवढं त्याला कळलं. त्यानं आधीचं लिहिलेलं खोडलं आणि वर 'राहतो' असं लिहिलं. उलटी अक्षरं वाचणं हे तर तिकीटखिडकीतलं पहिलंच शिक्षण. बाईंनी ते समोरून वाचलं.

"त्याच्यापुढे पाहुणा म्हणून, असं लिहा," त्या म्हणाल्या.

तसा रकाना नाही, असं तपासनीस म्हणाला. बाईंनी पाहुण्याकडे असं पाहिलं की जणू त्याचं कुलूप बदलून झालंय आणि आता फक्त बाईंचं सामान बाहेर ठेवायचं बाकी आहे. तरी त्यांनी सही केली. पेन कागदावर बराच वेळ तरंगत ठेवून, शेवटी खाली आणून, केली. तपासनिसानं नमुना म्हणून दोन पुड्या खिशात टाकल्या तेव्हा मात्र त्यांनी त्याला जिन्यात अडवलं आणि पावती मागितली. पावती देईपर्यंत हलू दिलं नाही. तो शिंकत शिंकत उतरला तो न्हाव्याच्या दुकानात शिरून बसला आणि न्हाव्यानं दिलेलं पाणी त्यानं आधी हुंगून पाहिलं.

परवाना दहा दिवसांनी आला. तीन वर्षांचा. पाहुण्यानं तो प्रथम वेल्डरला दाखवला, मग मामाला फोन करून सांगितलं. मामा म्हणाला की मी तुला पसरायला सांगितलंच होतं. संध्याकाळी त्यानं तो तिकीटबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलट करून पाहिला, शिक्क्यावर नख घासलं. खरा निघाला. मग त्यांनी त्याच्याकडून ट्रंक आणि शिवणयंत्र आपल्या खोलीत ओढून नेववलं, आणि नेताना भिंतीला ओरखडा पडला तो कुणामुळे यावर दोघांचं थोडं वाजलं. झगा त्यांनी स्वतः उचलला.

सगळं जागेवर गेल्यावर पाहुण्यानं धीर करून विचारलं, "मावशी, तो डबा आता टाकून द्यायचा ना?"

"टाकायचा?" त्या म्हणाल्या. "आणि तीन वर्षांनी तो शिंकणारा परत आला की त्याला काय दाखवू, तुझं तोंड?"

असं म्हणून त्या न्हाणीत गेल्या. वाकून जाळी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग आतूनच ओरडून विचारलं की आज जाळीत काहीच कसं नाही, केस विंचरले नाहीस का.

पाहुणा खोलीच्या मध्यभागी उभा राहिला. तीन वर्षांनी असं म्हातारी स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती, कुणी विचारलं नसताना. यात नक्कीच काहीतरी पाणी मुरत होतं. त्यानं पुष्कळ विचार केला, पण कुठे मुरतंय ते सापडेना. शेवटी त्यानं बॅगेतून कंगवा काढला, बाई बाहेर येईपर्यंत थांबला, आणि न्हाणीत जाऊन जाळीवर वाकून केस विंचरले. एकदा, आणि मग कमी पडायला नकोत म्हणून पुन्हा एकदा.